लहान मुलांना तुरुंगातल्या माणसाला भेटायला न्यावं का? नेलं तर कसं?

पाणपोई

एरवी वाचनमात्र असते, आज लिहायची वेळ आली. माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे. खटला चालू आहे, जामीन फेटाळलाय, पुढे काय होईल ते वकीलही सांगत नाहीत. गुन्हा काय, खरंखोटं काय, ते कृपया इथे काढू नका. त्याचा खल घरी रोज चालतो.

प्रश्न त्याच्या मुलांचा आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. बाबा लांब कामाला गेलाय असं दोघांना सांगितलंय. धाकट्याला ते पटलंय. थोरली मात्र परवा म्हणाली, "आत्या, कामाला गेलेल्या माणसाला फोन असतो ना?" वहिनीनं उठून टीव्ही लावला.

आई म्हणते पोरांना घेऊन जाऊ, त्याचा जीव कासावीस झालाय. वहिनी म्हणते माझी मुलं त्या फाटकातून आत जाणार नाहीत. मला दोघींचंही पटतं आणि म्हणून काहीच सुचत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगाल का?

सडेतोड

नेऊ नका. पोलीस, झडती, गज हे सगळं चार वर्षांच्या पोरानं कशाला बघायचं? मुलं लहान आहेत, विसरतील. सुटून आल्यावर भेटतीलच. आणि "त्याचा जीव कासावीस झालाय" हे कारण तर मुळीच चालणार नाही. मुलं म्हणजे त्याच्या दुखण्यावरची गोळी नव्हे.

बोरूबहाद्दर

आधी गुन्हा काय ते कळलं तर मत देता येईल.

अर्धविराम

बोरूबहाद्दर, धाग्याचा पहिला परिच्छेद वाचा. मग दुसराही वाचा.

आजोळ

सडेतोड, गोळीचं वाक्य शंभर टक्के मान्य. आधीचं एकही नाही.

मी त्या मुलांपैकी एक आहे. वडील आत गेले तेव्हा मी पहिलीत होते, आले तेव्हा सहावीत. घरात ठरलं होतं की ते परदेशात आहेत. वर्गात नकाशा टांगला की मी तो देश बोट ठेवून दाखवायचे. एका मैत्रिणीला तिकिटं जमवायचा नाद होता. "तुझ्या बाबांच्या पाकिटावरचं तिकीट दे ना," म्हणून ती मागे लागली. मी अडगळीतल्या जुन्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवली आणि तिला दिली. ती आपल्याच देशाची निघाली. तिनं काही म्हटलं नाही, पण पुन्हा मागितलीही नाहीत.

पुढे सुट्टीत चुलतभावाशी खेळावरून भांडण झालं आणि त्यानं सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं. वडिलांचा राग नाही आला मला. घरातल्या झाडून सगळ्यांचा आला, कारण पेपर टाकणाऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच तेवढं नव्हतं.

मग एकदाचं नेलं. मी मनात अंधारकोठडी, साखळदंड, उंदीर असं सगळं रचून ठेवलेलं. बघते तर एक लांबलचक खोली, करकरणारा पंखा आणि ओळीनं बसलेली अगदी साधी माणसं. मी वडिलांना ओळखलंच नाही. त्यांनी मिशी काढली होती! तेवढं तरी कोणी आधी सांगायला हवं होतं. तुमचा भाऊ वाळला असेल, केस कापले असतील, दाढी वाढली असेल, तर पाणपोई, ते मुलांच्या कानावर आधी घाला.

मुलं विसरत वगैरे नाहीत. मोठी माणसं ज्या विषयावर टीव्ही लावतात तो विषय त्यांना बरोबर कळतो.

दोन_वेण्या

आजोळ, +१.

माझी बायको आत आहे. मुलगी सहा वर्षांची. (आयडीचा उगम: वेण्या घालायला मीच शिकलो. भांग अजून वाकडा पडतो.) मी तिला नेतो. नेण्याबद्दल इतर लिहितीलच, मी परत आल्यानंतरचं लिहितो, कारण ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या भेटीनंतर घरी आली, जेवली, हसत होती. मला वाटलं सुटलो. संध्याकाळी बघतो तर सगळ्या बाहुल्या भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभ्या. ही एकेकीचे खिसे चाचपतेय, बूट काढायला लावतेय आणि शेवटी "जा आत" म्हणतेय. अस्वलाला मात्र परत पाठवलं, कागद नव्हते म्हणून. माझ्या पोटात गोळा आला. पण निरभ्र यांनी मागे एका धाग्यावर लिहिलं होतं की मूल खेळात जे करतं ते ते पचवत असतं, मध्ये पडू नका. नाही पडलो. थोड्या दिवसांनी बाहुल्या पुन्हा शाळेत जायला लागल्या.

त्या आठवड्यात अंथरूण ओलं झालं, मला सोडायला तयार नव्हती, एकदा चावलीसुद्धा. नातेवाईक लगेच म्हणाले, "बघ, म्हणून नेऊ नये." माझं मत वेगळं आहे. आईपासून पुन्हा उठून यावं लागलं, तर रडू येणारच. रडली नसती तर मला जास्त काळजी वाटली असती. भेटीचा दिवस आता मी मोकळा ठेवतो. ना पाहुणे, ना बाजार, ना अभ्यास.

खाकीतून_निवृत्त

तुरुंग खात्यात नोकरी केली, त्यातली बरीचशी मुलाखतीच्या, म्हणजे कैद्यांच्या भेटीच्या, फाटकावर. नियम प्रत्येक तुरुंगाचे निराळे, तेव्हा मी सांगतो ते सगळं तिथे विचारून खात्री करून घ्या.

निघण्याआधी हे विचारा: मुलांची नावं भेटायला येणाऱ्यांच्या यादीत आहेत का (बऱ्याच ठिकाणी ती कैद्यालाच द्यावी लागतात), नात्याचा कोणता कागद चालतो, बरोबर मोठं माणूस कोण हवं, आई सोबत नसेल तर तिची लेखी संमती लागते का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भेट कशी होते? काचेपलीकडून फोनवर, जाळीतून की समोरासमोर बसून? हे न विचारता लोक येतात. मूल हात पसरून धावतं आणि काचेवर आपटतं. मी ते बघितलंय आणि त्या मुलापेक्षा आतल्या माणसाचा चेहरा मला जास्त लक्षात आहे. काच असेल तर घरीच सांगून ठेवा: "बाबा दिसेल, आवाज येईल, पण हात लावता येणार नाही, मधे काच आहे." घरातल्या दोन फोनांवर दोन खोल्यांतून बोलून सरावही करा. चार वर्षांचं मूल फोनवर नुसती मान हलवतं.

झडतीबद्दल. बूट काढतात, खिसे उलटे करतात, टोपी, पट्टा, केसांच्या पिना बघतात, कधी यंत्राच्या चौकटीतून जावं लागतं. वाजणाऱ्या पिना आणि धातूची बटणं नकोतच. खेळणं बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवावं लागतं. म्हणून जिवाभावाची बाहुली आणूच नका, फाटकावर तिची ताटातूट झाली की पुढची सगळी भेट त्या रडण्यात जाते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याचे, लंगोटांचे, दुधाच्या बाटलीचे नियम असतात, ते आधी विचारा. आणि मुलाला लघवीला बाहेरच नेऊन आणा. भेट सुरू झाल्यावर उठलात तर पुन्हा आत सोडतीलच असं नाही.

खरा त्रास झडतीचा नसतो, तो वाट बघण्याचा असतो. तासन् तास बसवतात आणि भेट चुटकीसरशी संपते. सगळे शिपाई दुष्ट नसतात, सगळे चांगलेही नसतात. मुलाच्या उंचीला वाकून "हात वर कर बरं, विमान कर" म्हणणारा एक असतो आणि नुसता खेकसणारा एक असतो. तुम्हाला कोण भेटेल ते नशीब.

एक कळकळीची विनंती. "जेवला नाहीस तर पोलीस धरून नेतील" हे वाक्य घरातून आजच्या आज बंद करा.

निरभ्र

दोन_वेण्या, अस्वलाला कागद नव्हते हे वाचून हसूही आलं आणि गलबललंही.

पाणपोई, मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. माझ्या मते "न्यायचं की नाही" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, सांगितलंय काय. बाबा कामाला गेलाय अशा समजुतीत असलेल्या मुलीला तुम्ही त्या फाटकापाशी उभी केलीत, तर तिच्यावर एकाच दिवशी दोन गोष्टी आदळतील: बाबा इथे आहे, आणि घरचे खोटं बोलले. आधी घरी, ओळखीच्या जागेवर, खरं सांगा. काही दिवस जाऊ द्या. प्रश्न येऊ द्या. मग भेटीचं बघा.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७०च्या दशकापासून अशा हरवण्याबद्दल लिहीत आल्या आहेत, ज्यात माणूस मेलेलं नसतं पण जवळही नसतं. मेलेल्यासाठी रडता येतं, लोक सांत्वनाला येतात. इथे त्यातलं काहीच होत नाही आणि परत कधी येणार तेही माहीत नसतं. मोठ्यांना ते झेपत नाही. त्यात खरं कारणच लपवलं, तर मूल ते स्वतः तयार करतं. आणि लहान मुलांनी तयार केलेल्या कारणात गुन्हेगार बहुतेक वेळा ती स्वतःच असतात. मी हट्ट केला म्हणून बाबा गेला, मी दूध सांडलं म्हणून गेला.

थोरलीला असं काहीसं सांगता येईल: "बाबा तुरुंगात आहे. त्यानं मोठ्या माणसांचा एक नियम मोडला असं पोलिसांना वाटतं. खरंच मोडला का, हे न्यायाधीश ठरवतील. तोवर त्याला तिथे राहावं लागेल. किती दिवस ते अजून कोणालाच माहीत नाही, कळलं की तुला सांगू." खटला चालू आहे, म्हणून "बाबानं काहीच केलं नाही" असंही नको आणि "बाबानं वाईट केलं" असंही नको. "दिवाळीपर्यंत येईल" छापाचं आश्वासन तर कधीच नको.

धाकट्याला दोन वाक्यं पुरे. त्याला कायद्यात रस नसतो. बाबा झोपतो कुठे, रात्री दिवा असतो का, त्याला भूक लागली तर कोण देतं, हे तो विचारेल. खरी उत्तरं द्या. न विचारलेले चार प्रश्न मात्र दोघांच्याही मनात असतात, ते आपणच उघडून बोलायचे: माझ्यामुळे झालं का? आता आईलाही नेतील का? तो बरा आहे का? त्याला माझी आठवण येते का?

संशोधनाचं म्हणाल तर चित्र सरळ नाही. २०१० साली 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात मुलं आणि तुरुंगातले पालक यांच्या संपर्कावरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. भेटी मुलांना ध्यानात घेऊन आखलेल्या असतील आणि त्यांना आधाराची जोड असेल, तर परिणाम चांगले दिसतात. तयारी नसेल आणि मधे काच-जाळी असेल तर काही मुलांचा त्रास वाढलेलाही दिसतो. म्हणजे भेट आपोआप चांगली नसते आणि आपोआप वाईटही नसते.

सडेतोड

निरभ्र, मुद्देसूद प्रतिसाद. सांगण्याबद्दलचं मान्य करतो. न्यायचं अजून पटत नाही. भेटी झाल्या की कैदी सुधारतात म्हणतात, म्हणून सगळे भेटींच्या मागे. पण तो फायदा कैद्याचा झाला. मुलाचं काय?

शिवाय सगळ्या घरांत बाप प्रेमळच असतो असं धरून चाललोय आपण. ज्यानं घरातच मारहाण केली, मुलासमोर आईला मारलं, त्याच्या भेटीला मुलाला न्यायचं?

निरभ्र

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आधी देते: नाही. मुलालाच इजा झाली असेल, त्यानं हिंसा बघितली असेल, न्यायालयाचा मनाई आदेश असेल, तर आजीची माया, रक्ताचं नातं, काहीही त्याहून मोठं नाही. तिथे तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय पत्रसुद्धा नको. आणि असं काहीही घडलेलं नसताना मूल "नाही येत" म्हणालं, तर तेही उत्तरच. रुसवा काढल्यासारखं त्याला गाडीत घालायचं नाही. "ठीक आहे, पुढच्या वेळी पुन्हा विचारीन," इतकंच.

पहिलंही बरोबर आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागानं २०११ साली १६,४२० सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला. ज्यांना भेटायला माणसं येत, ते पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. आकडा चांगला आहे, पण तो कैद्याचा आहे. मुलाला न्यायचं ते मुलासाठी.

कलम_कागद

कायद्याच्या बाजूनं थोडं. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, पण काही आंतरराष्ट्रीय मापदंड सगळ्यांसाठी आहेत आणि अर्ज करताना त्यांचा हवाला द्यायला हरकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं नववं कलम: आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, मुलाच्या हिताविरुद्ध असेल तेव्हा सोडून. म्हणजे हक्क मुलाचा आहे, सडेतोड. त्याच कलमात पुढे आहे की सरकारनंच पालकाला कैदेत टाकलं असेल, तर तो कुठे आहे ही माहिती मागितल्यावर कुटुंबाला मिळाली पाहिजे, मुलाला त्यानं अपाय होणार नसेल तर. बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व आहे. "नाही येत" त्यात आलंच.

संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांविषयीचे २०१५चे नेल्सन मंडेला नियम. ६०वा नियम सांगतो की भेटायला येणाऱ्यांची झडती अपमानास्पद नसावी आणि शरीराच्या आतली तपासणी मुलांची करूच नये. ४३व्या नियमानुसार शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क पूर्ण तोडता येत नाही. स्त्री कैद्यांसाठीच्या २०१०च्या बँकॉक नियमांत, २८व्या नियमात, मुलांची भेट चांगल्या वातावरणात व्हावी आणि आई-मुलाला मोकळेपणी जवळ येता यावं असं म्हटलंय. दोन_वेण्या, हा तुमच्या कामाचा.

युरोपच्या परिषदेनं (काउन्सिल ऑफ युरोप) २०१८ साली यावर स्वतंत्र शिफारस काढली. पालक आत गेल्यावर आठवड्याभरात मुलाला भेटू द्यावं, पुढे साधारण आठवड्यातून एकदा, आणि अगदी लहान मुलांना छोट्या पण जास्त वेळा भेटी द्याव्यात, असं त्यात आहे. इटलीत २०१४ साली न्याय मंत्रालयानं कैद्यांच्या मुलांच्या हक्कांची सनदच केली. डेन्मार्कच्या तुरुंगांत भेटीला येणाऱ्या मुलांकडे बघायला खास नेमलेले कर्मचारी असतात. आपापल्या तुरुंगात यातलं काय मिळतं ते विचारल्याशिवाय कळत नाही. तोंडी नको, लेखी विचारा. लेखी अर्जाला नाही म्हणताना बऱ्याच ठिकाणी कारणही लिहावं लागतं, त्यामुळे कधीकधी हो मिळतं.

पाणपोई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. धागा वहिनीला वाचायला दिला. आजोळ यांचा तिकिटांचा प्रसंग वाचून ती उठून आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती म्हणाली, सांगू, पण मी सांगणार, तुम्ही कोणी नाही. काल थोरलीला सांगितलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग त्याचा वाढदिवस तिथे करतात का?" इतकंच.

वहिनीची एक धास्ती मात्र उरलीय. तो रडेल. मुलांनी त्याला कधी रडताना बघितलेलं नाही. आणि आई तर हमखास रडणार.

खाकीतून_निवृत्त

रडतात. दांडगे दांडगे रडतात. रडू देत, पण मुलानं त्याचे डोळे पुसायची वेळ येऊ नये. त्यासाठी आतल्या माणसाची तयारी करावी लागते, ती कोणी करत नाही. त्याला आधी पत्र टाका: मुलांना काय सांगितलंय, कोणत्या शब्दांत. नाहीतर मुलगी विचारेल एक आणि तो उत्तर देईल कामाला गेल्याचं. थोरलीचे दात पडलेत का, धाकटा सध्या कशाच्या मागे असतो, मैत्रिणींची नावं काय, हेही लिहा. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात मुलं शेवटची बघितली तेवढीच राहिलेली असतात. "शहाण्यासारखी वागतेस ना? अभ्यास करतेस ना?" इथेच त्याची गाडी अडते. मुलगी हो म्हणते आणि पुढे दोघंही गप्प.

दुसरं म्हणजे कोर्टाचं बोलणं. वकील, पैसे, तारीख, साक्षीदार, यातच भेट खाऊन जाते आणि मूल शेजारी पाय हलवत बसतं. मुलं येतील त्या दिवशी हे विषय बंद. आईंनाही पहिल्या खेपेला नेऊ नका. त्यांची भेट वेगळी ठेवा, त्यांना मनसोक्त रडता येईल. मुलांसोबत वहिनी जाणार नसतील तर तुम्ही जा. कोणीही जा, पण ज्याच्या गळ्यात हुंदका थांबतो असं माणूस जाऊ दे.

निघताना भेट कशी संपवायची तेही ठरवून घ्या. शिपायानं हाक मारून उठवण्याआधी आपण उठायचं.

अर्धविराम

शाळेत सांगावं का? हा प्रश्न राहिलाच.

आजोळ

एका बाईंना सांगावं, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांना. सगळ्या शाळेला नको. आणि मुलीला "कोणाला सांगू नकोस हं" असं दटावू नका. माझ्याकडून तेच करवून घेतलं होतं. कोणी विचारलंच तर म्हणायला एक वाक्य द्या: "बाबा सध्या आमच्याजवळ नाही, मला त्यावर बोलायचं नाही." मग काय लपवायचं ते तिला लक्षात ठेवावं लागत नाही.

दुपारची_सावली

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. माझी बहीण आत आहे, तिचं दहा महिन्यांचं बाळ माझ्याकडे. भेट काचेतूनच होते. मागच्या वेळी बाळ तिच्याकडे बघेना, काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी खेळत बसलं. ताईला फार लागलं. तुरुंगात आता व्हिडिओ कॉल सुरू झालाय. काच चालू ठेवू की कॉल?

निरभ्र

दोन्ही ठेवा, पण ताईला सांगा की या वयात बाळानं तिच्याकडे न बघणं म्हणजे तिला नाकारणं नव्हे. दहा महिन्यांचं बाळ आवाज आणि लय जास्त धरून ठेवतं. तिनं दर वेळी तेच एक बडबडगीत म्हणावं, त्याच चालीत, आणि तुम्हीही घरी रोज झोपवताना तेच म्हणा. तुरुंग ध्वनिमुद्रण करू देत असेल तर आधी तेच मागा. इंग्लंडमध्ये काही तुरुंगांत कैदी मुलांसाठी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करून पाठवतात.

कॉलवर बाळाला पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो चौकोन झाका, कागदाचा तुकडा चिकटवला तरी चालतो. बाळ भुकेलं किंवा पेंगुळलेलं असेल ती वेळ घेऊ नका. आणि पाच मिनिटांत कंटाळलं तर सोडा, उरलेला वेळ तुम्ही दोघी बोला.

खाकीतून_निवृत्त

पत्रातून बाळाच्या हाताचा ठसा पाठवत असाल तर साध्या कागदावर, साध्या शाईनं पाठवा. चमकी, डिंक, चिकटचित्रं लावली की बरेच तुरुंग ते अडवतात. कागदात नशेचे पदार्थ मुरवून पाठवतात लोक, म्हणून. काही ठिकाणी मूळ कागद देतच नाहीत, छायाप्रत देतात. तसं असेल तर ठसा गडद हवा, फिकट असेल तर प्रतीत काही उठत नाही.

दुपारची_सावली

शाई कुठली चालते ते उद्या फोन करून विचारते. लिहिते इथे.